दुधात न पडलेलं मीठ

दोन-अडीच महिन्यांपूर्वी मुलगी नातीला घेऊन चार दिवस राहायला आली होती. दुसऱ्यांदा दिवस गेले होते तिला, सातवा संपत आलेला. स्वयंपाकघरात आईसोबत मेथी निवडत बसली होती आणि मधेच म्हणाली, "आई, ह्या वेळी मी अंगावर पाजणारच नाही. पहिल्या दिवसापासून डब्बाच लावते."

"काऊन व?"

"माझ्या दुधात काही नसते. एकीचं वाटोळं झालं, दुसऱ्याचं नाही करत मी."

मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत होतो. उठलो, चपला घातल्या आणि देवळीच्या बसस्टँडपर्यंत चालत गेलो. कुठली बस धरायची नव्हती. वर्ध्याची लागलेली बस सुटेपर्यंत तिथे उभा राहिलो, मग घरी आलो, आणि दारातूनच पुन्हा वळलो. तिसऱ्या फेरीला बायको ओट्यावर येऊन उभी. "अजी, असे काय घिरट्या घालून राह्यले? पोटात दुखते का?"

"नाही."

"मंग बसा ना एका जागी. भोवळ येते पाहून."

बसणं मला तेव्हापासून जमत नाही. हे लिहितानाही दोनदा उठून झालं. माझ्या मुलीच्या दुधात काही कमी नव्हतं. हे मला पहिल्यापासून माहीत होतं, आणि दुसऱ्या कुणालाही माहीत नव्हतं.

आधी माझ्या मिठाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मी शाळामास्तर होतो. माझे वडील लकव्याने गेले. अर्धं अंग गेल्यावरही ते बोट दाखवून लोणचं मागत. चाळिशीनंतर माझंही ब्लडप्रेशर निघालं, तेव्हा मी घाबरून जिल्ह्यातल्याच एका निसर्गोपचार केंद्रात जाऊन राहिलो आणि मीठ सोडून परत आलो. आमच्या ह्या वर्ध्याच्या भागात जीभ जिंकलेल्या माणसाला मान आहे. जाडंभरडं नेसणारी, पहाटे उठून सूत कातणारी, उकडलेली भाजी खाऊन तृप्त होणारी माणसं मी लहानपणापासून पाहिली होती. आपणही त्यांच्या पंक्तीला बसलो असं मला वाटलं. प्रेशर खरंच उतरलं, डॉक्टरांनी पाठ थोपटली. तिथे थांबलो असतो तर ठीक होतं. पण मास्तर थांबत नाही. मी शाळेच्या स्नेहसंमेलनात बोललो, हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांपुढे बोललो, नाचणगावच्या एका लग्नात तर पंगतीत उठून बोललो. मीठ म्हणजे पांढरं विष, हे माझं पेटंट वाक्य. पोरं मला 'अळणी मास्तर' म्हणत आणि मला ते आवडायचं.

घरात सगळ्यांनी अळणी खावं असा माझा आग्रह. बायकोनं लोणच्याची बरणी शेजारणीच्या फडताळात ठेवली होती आणि दुपारी ती "जरा बसून येतो" म्हणून तिकडे जायची. मला माहीत होतं. मी कानाडोळा करायचो आणि त्याचाही मला मोठेपणा वाटायचा.

मुलगी केळझरच्या घरी दिली. भाजीपाल्याची शेती, कष्टाळू माणसं. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून ती आमच्याकडे आली आणि सातव्याच महिन्यात तिला कळा लागल्या. मोठ्या दवाखान्यात नेलं. पोट फाडून मुलगी काढली. काचेच्या पेटीत ठेवलेलं ते लेकरू माझ्या तळहातापेक्षा थोडंसंच मोठं असेल. बरगड्या आत ओढून श्वास घेत होतं. नाकाला नळी.

पहिल्या-दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून समजावलं होतं. म्हणाले, "सध्या सलाईनमधलं मीठ आम्ही अगदी बेतानं देतोय. सुरुवातीलाच जास्त झालं तर अंगात पाणी धरतं आणि फुफ्फुसांवर येतं. आधीच फुफ्फुसं कच्ची आहेत."

मी मान डोलावली. आत कुठेतरी मला आनंद झाला, हे आज कबूल करतो. एवढं शिकलेला माणूस माझंच वाक्य बोलत होता.

पुढे बाळाची नळी निघाली, ते आईचं काढलेलं दूध पिऊ लागलं, घरी सोडायची वेळ आली. तेव्हा दुसऱ्या डॉक्टर होत्या, वयानं लहान. त्यांनी एक छोटी बाटली हातात दिली. मिठाचं पाणी. दर पाजणीच्या दुधात सिरिंजनं मोजून थेंब घालायचे. मी विचारलं, "मीठ? फुफ्फुसात पाणी धरतं ना?"

त्या हसल्या नाहीत. नीट सांगितलं. "ते पहिल्या दिवसांत, काका. आता उलटं आहे. हिची मूत्रपिंडं अजून मीठ धरून ठेवू शकत नाहीत, लघवीवाटे निघून जातं. आईच्या दुधातलं मीठ पूर्ण दिवसांच्या बाळाला पुरतं, हिला पुरत नाही. आणि मीठ कमी पडलं की दूध कितीही पाजा, वजन धरत नाही. अंग वाढलं तरच फुफ्फुसं वाढतील."

म्हणजे मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. दोन्ही गोष्टी सांगितल्या होत्या, सोप्या मराठीत. मी पहिली घेतली आणि दुसरी एका कानानं ऐकली.

थेंब घालायचं काम माझ्याकडे आलं. मुलीचे टाके चिघळले होते, बायकोला सिरिंजवरच्या बारीक रेघा दिसत नव्हत्या. मुलगी दूध काढून वाटी आत पाठवायची, मी थेंब घालून द्यायचो, बायको बोंडल्यानं पाजायची. दर वेळी मुलगी खाटेवरून विचारायची, "घातले का बाबा?" आणि मी म्हणायचो, "घातले."

काही दिवस खरंच घातले. मग एके सकाळी मी त्या पाण्याचा एक थेंब स्वतःच्या जिभेवर ठेवला.

इतकी वर्षं मीठ न चाखलेली माझी जीभ. तो थेंब असा लागला की मी मोरीत जाऊन चूळ भरली. डोळ्यांत पाणी आलं. एवढं खारट पाणी एवढ्याशा जिवाच्या पोटात? दुसऱ्या कुणी चाखलं असतं तर 'खारट आहे बुवा' म्हणून पुढे गेला असता. मला ते औषध वाटलंच नाही. त्या दिवशी मी निम्मे थेंब घातले. दोन-तीन दिवसांनी घालणं बंद केलं आणि मोजून काढलेलं पाणी मोरीत सोडू लागलो, म्हणजे बाटली उतरत राहील. मुलगी विचारायची, "घातले का बाबा?" मी म्हणायचो, "घातले." मला वाटायचं, मी नातीची फुफ्फुसं राखतोय.

तपासणीला नेलं तेव्हा काटा जवळजवळ तिथेच होता. रक्त तपासलं. त्याच डॉक्टर कागद पाहून म्हणाल्या, "सोडियम फारच कमी आलंय. थेंब नेमानं देता ना?"

मुलगी म्हणाली, "बाबा देतात ना, अगदी वेळेवर."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हो."

ह्या एका 'हो'चं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. त्याआधी जे केलं ते माझ्या अडाणी समजुतीनं केलं असं म्हणता येईल. 'हो' मात्र मी समजून-उमजून म्हटलं. डॉक्टरांनी त्या शब्दावर विश्वास ठेवून थेंब वाढवले. घरी येऊन मी दोन पाजण्यांना ते घातलेही. दुसऱ्या वेळी बाळानं थोडं दूध ओकलं. सगळीच बाळं ओकतात. मी म्हटलं, बघा, मीठ सोसत नाही. पुन्हा मोरी.

नंतर तिला सर्दी झाली आणि बघता बघता दम लागला. ओठ निळसर झाले. परत दवाखाना, परत ऑक्सिजन. ह्या वेळी थेंब सिस्टर घालत होत्या. त्यासोबत दुधात मिसळायची एक पावडरही सुरू केली. बाळ सावरलं आणि वजन भरू लागलं. रोज थोडं, पण रोज. मी काचेतून काट्याकडे बघायचो आणि प्रत्येक वाढलेला आकडा मला सांगायचा, की कमी पडलं होतं ते मीठच.

विहीणबाई केळझरहून डबा घेऊन यायच्या. मनानं वाईट बाई नव्हे, पण जीभ तिखट. वऱ्हांड्यात सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पाहा बाई, डब्ब्याची पावडर लागली पोट्टीले! मायचं दूध होतं का नुसतं पाणी होतं? उगाच वाळवली लेकराले."

माझी मुलगी भिंतीला टेकून उभी होती. तिनं खाली पाहिलं. माझ्या हातात थर्मास होता. मी त्याचं झाकण आवळलं, ते आधीच आवळलेलं होतं. 

त्यानंतर बायकोनं लेकीला हळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपू, शतावरी, जे जे कुणी सांगेल ते खाऊ घातलं. दूध दाट व्हावं म्हणून. मुलगी रडत रडत सगळं खायची. मी समोर बसून ते पाहिलं आहे.

नात आता चौथीत आहे. हुशार आहे, नक्कल छान करते, माझी तर फारच छान करते. पण प्रार्थनेच्या रांगेत सगळ्यात पुढे, कारण सगळ्यात बुटकी. दप्तरात दम्याचा पंप असतो. सोयाबीन काढणीच्या दिवसांत मशीनचा धुरळा उडाला की तिला दार लावून घरात बसवतात. ती खोकली की तिच्या केळझरच्या आजीचं ठरलेलं वाक्य येतं, "काय करता, मायच्या दुधानं धरलं नाई." माझी मुलगी ते ऐकून पंप आणायला उठते. इतक्या वर्षांत तिनं एकदाही उलटून उत्तर दिलं नाही, कारण तिला ते खरं वाटतं.

आणि मी? मी भाषणं बंद केली. कुणी विचारलं तर म्हणायचो, घसा बसतो. एवढंच.

मुलीचं ते डब्ब्याचं बोलणं ऐकल्यावर मी वर्ध्याला एका बालरोगतज्ज्ञाकडे गेलो. आमच्या ओळखीच्या एकांची नात, असं म्हणून सगळं सांगितलं. मधेच मी उठून खिडकीशी गेलो, परत बसलो, परत उठलो. डॉक्टर म्हणाले, "काका, तुम्हाला माझ्याकडून काय ऐकायचंय?"

"तिचा दमा, तिची उंची. त्या माणसामुळे का?"

"सांगता येणार नाही. सातव्या महिन्यात जन्म, इतके दिवस ऑक्सिजन, एवढ्यानंही फुफ्फुसं नाजूक राहतात. थेंब मिळाले असते तर वजन लवकर धरलं असतं आणि फुफ्फुसांना मदतच झाली असती. पण त्यातला त्या माणसाचा वाटा किती, हे कुणीच वेगळं काढून देऊ शकत नाही."

मला शिक्षा तरी हवी होती किंवा सुटका तरी. त्यांच्याजवळ दोन्ही नव्हतं.

"आणि आईच्या दुधाचा दोष?"

"दुधाचा?" ते चकित झाले. "दुधाचा काय दोष? त्या दुधावर तर ती जगली."

हे वाक्य घेऊन मी घरी आलो. जाता जाता त्यांनी बजावलं तेही इथे लिहून ठेवतो, कारण माझ्या बोलण्यावरून लोकांनी पूर्वी बरंच काही केलं आहे: हे वाचून कुणी आपल्या तान्ह्या बाळाच्या दुधात मीठ घालू नये. दिवस पूर्ण भरलेल्या बाळाला ते घातक. अपुऱ्या दिवसांच्या बाळालाही डॉक्टर सांगतील तेव्हा आणि तेवढंच.

मुलगी दुसऱ्या दिवशी केळझरला परतणार होती. ओट्यावर बसून नातीच्या फ्रॉकला बटण लावत होती; नात शेजारी खेळायला गेली होती. मी तिच्यासमोर उभ्या उभ्याच सांगितलं. जिभेवरचा थेंब, मोरी, 'हो', सगळं. बायको उंबऱ्यात होती.

मुलीनं बटण लावून संपवलं. दोरा दातानं तोडला. मग म्हणाली, "मी रोज विचारायची तुम्हाला. दर खेपेला विचारायची."

"हो माय."

"माय म्हणू नका मले."

शिकलेली मुलगी आमची, एरवी शुद्ध बोलते. चिडली की मात्र आईची बोली तोंडात येते. बायको उंबऱ्यातूनच म्हणाली, "मी बोंडल्यानं पाजून राह्यली होती अजी. माह्या हातानं." आणि तशीच शेजारणीकडे गेली, लोणच्याची बरणी काखेत मारून आणली आणि माझ्या स्वयंपाकघराच्या मधोमध दाणकन ठेवली. त्यावर हसायला हवं होतं, पण कुणी हसलं नाही.

"मी पाया पडतो तुझ्या," मी म्हटलं.

"मले पाया पडून काय करायचं?" मुलगी म्हणाली. "मले नाई सांगायचं. तिकडे सांगा. ज्या घरात मी रोज ऐकते, तिथं येऊन सांगा. सगळ्यांसमोर."

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबतच निघालो. वर्ध्याला बस बदलली. ती नातीला घेऊन पुढच्या बाकावर बसली, मला मागे जागा होती. खिडकीबाहेर पऱ्हाटी उभी होती. कपाशीला बोंडं धरली आहेत का, ते मी पाहिलं नाही. सेलू गेलं तसं मला वाटू लागलं की बस उगाच जोरात चालली आहे.

विहीणबाई अंगणातल्या मांडवाखाली सांबाराच्या जुड्या बांधत होत्या, कोथिंबिरीचा हिरवा ढीग पुढ्यात. मला पाहून पदर सावरला. "या मास्तर! आज कसे काय वाट चुकले? मिठावर भाषण द्याले आले का आमच्या गावात?"

"हो," मी म्हटलं, "मिठावरच."

त्या हसल्या. व्याही गोठ्याकडून आले, जावई मोटारसायकल पुसत होते ते थांबले. नातीला मुलीनं आत पाठवलं. मी सांगितलं. शाळेत चाळीस पोरांसमोर न अडखळणारा मी तीनदा अडखळलो. विहीणबाईंच्या हातातली दोरी तशीच राहिली.

"म्हंजे दूध चांगलं होतं हिचं?"

"चांगलं होतं. मीठ मी घातलं नाही."

"आन तुमाले मालूम होतं."

"होतं."

"दवाखान्यात मी बोलली तवा तुमी बाजूलेच उभे होते." त्या उठल्या. ढीग पायाशी विस्कटला. "मास्तर, इतके वर्स मी ह्या पोरीले बोलून राह्यली. येता-जाता बोलली. लेकरू खोकललं का बोलली. अन् तुमी ऐकून राह्यले! माह्या तोंडातून तुमी पाप करवलं. तुमची पोरगी होती ना ते? मले येकदा म्हणाले काय जात होतं, का बाई, तोंड सांभाळ?"

 मीठ न घालण्याचं कारण मी सांगू शकतो, चुकीचं का होईना, पण कारण आहे. गप्प राहण्याला कारणही नव्हतं. लाज होती फक्त, आणि लेकीपेक्षा मी ती जास्त जपली.

व्याही म्हणाले, "बसा मास्तर, पाणी घ्या." विहीणबाई सुनेकडे गेल्या. त्यांना काय करावं ते कळत नव्हतं. हात पुढे केला, मागे घेतला, मग सुनेच्या केसांत अडकलेली कोथिंबिरीची काडी काढली. म्हणाल्या, "येवढं बोलली मी, तं येकदा तरी भांडाचं होतं व माह्याशी."

माझी मुलगी तेव्हा रडली. सासूच्या खांद्यावर नव्हे, तशीच उभी राहून. मग पदरानं तोंड पुसून माझ्याकडे वळली. "बाबा, ह्या वेळी दवाखान्यात आई येईल. तुम्ही यायचं नाही. बाळ घरी आल्यावरही मी बोलावल्याशिवाय यायचं नाही."

"बरं," मी म्हटलं.

"आणि तिला," तिनं घराच्या दाराकडे मान वळवली, "ती समजती झाली की तुम्हीच सांगायचं. मी नाही सांगणार तुमच्यासाठी."

तोवर मी असेन-नसेन, म्हणून हे लिहून ठेवतो आहे. बाळा, तू खोकतेस ते तुझ्या आईच्या दुधामुळे नाही.

गेल्या आठवड्यात मुलगा झाला. दिवस भरून, चांगल्या वजनाचा. बायको आठवडाभर तिकडे आहे. फोनवर मी आधी तब्येतीचं विचारलं, मग हवेचं, मग घरात दूध उतू गेलं ते सांगितलं. शेवटी तीच म्हणाली, "पाजते अजी. अंगावरच पाजते. असा चुरूचुरू ओढते पोट्टा, का आवाज अंगणात येते."

मी फोन कानाला धरून खोलीतून ओट्यावर आलो, ओट्यावरून खोलीत.

"काही म्हणाली का ती?"

"कायचं?"

"माझं काही."

 तिच्यामागे भांड्यांचा आवाज येत होता, आणि विहीणबाई कुणाला तरी हळू बोला म्हणून दटावत होत्या.

"नाई," बायको म्हणाली.